सतरा चौकोन आणि एक कोयता

आमच्या साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल दर सप्टेंबरात टपालाने येतो. वडील होते तोवर त्यांच्या नावाने यायचा, आता शेअर माझ्या नावावर झाला म्हणून माझ्या नावाने येतो, तोही पुण्याच्या पत्त्यावर. वडील अहवाल हातात आला की थेट आकड्यांच्या पानावर जायचे. गाळप किती, उतारा किती, दर काय बसला. चेअरमन आणि संचालकांचे फोटो, श्रद्धांजलीचे ठराव ही सगळी गुळगुळीत पानं मग आमच्या वह्यांना कव्हर म्हणून जायची.

दोनेक वर्षांपूर्वी त्या अहवालात एक नवं रंगीत पान आलं. 'शाश्वत विकास ध्येये आणि आपला कारखाना' असा मथळा, त्याखाली ते ओळखीचे चौकोन. संयुक्त राष्ट्रांच्या सतरा ध्येयांचे सतरा चौकोन असतात. आमच्या कारखान्याने त्यातले पाच निवडले होते. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज तयार होते म्हणून स्वच्छ ऊर्जेचा ७ नंबरचा. इथेनॉल आणि वृक्षारोपण म्हणून हवामानाचा १३ नंबरचा. शिक्षणसंस्था चालते म्हणून ४ नंबरचा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे म्हणून पाणी-स्वच्छतेचा ६ नंबरचा, आणि पाचवा बहुधा जागा उरली होती म्हणून.

त्याच अहवालात चार पानं मागे तोडणी-वाहतूक यंत्रणेचा तक्ता होता. बैलगाड्या किती, ट्रॅक्टर किती, ट्रक किती, ऊसतोडणी यंत्रं किती. माणसं किती, हा रकानाच नव्हता. बैलगाडी मोजली होती. ती भरणारी बाई मोजलेली नव्हती. ही ध्येयं उद्योगांच्या आणि आपल्या काय कामाची, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या नसलेल्या रकान्यापाशी सुरू होतं.

थोडी पार्श्वभूमी, लवकर उरकतो. २५ सप्टेंबर २०१५ ला न्यूयॉर्कमध्ये १९३ देशांनी एक ठराव केला: २०३० पर्यंत गाठायची १७ ध्येयं आणि त्यांच्या पोटातली १६९ लक्ष्यं. त्याआधी २००० साली अशीच आठ ध्येयं ठरली होती, पण त्यांचा सूर 'गरीब देशांनी सुधारावं आणि श्रीमंतांनी मदत करावी' असा होता. २०१५ च्या यादीने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, स्वीडनला आणि सोमालियाला, सरकारांना आणि कंपन्यांना. 'कुणालाही मागे ठेवायचं नाही' हे तिचं ब्रीद. प्रत्यक्षात काय झालं ते संयुक्त राष्ट्रांनीच २०२४ च्या आपल्या अहवालात सांगून टाकलं: जेमतेम १७ टक्के लक्ष्यं वेळेत पूर्ण होण्याच्या वाटेवर आहेत. मार्च २०२५ मध्ये तर अमेरिकेने ही ध्येयं आपल्याला मान्यच नाहीत असं आमसभेत जाहीर केलं.

त्यामुळे आपल्याकडे या विषयावर दोन गट पडतात. एक गट परिषदांचा: गळ्यात ओळखपत्र, कोटाला रंगीत चक्राची टाचणी, आणि दर वाक्यात 'शाश्वत'. दुसरा गट कट्ट्यावरचा: हे सगळं परदेशी थोतांड आहे, आपली आजी जुन्या लुगड्याची गोधडी शिवायची तेव्हा कुठे होतं तुमचं 'जपून वापरा' सांगणारं बारा नंबरचं ध्येय? दुसऱ्या गटाचं निम्मं मला पटतं. हिवरे बाजारने गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला, शेतीसाठी बोअर बंद करायला आणि जास्त पाणी पिणारी पिकं नको म्हणायला न्यूयॉर्कच्या ठरावाची वाट पाहिली नव्हती. पोपटराव पवार आणि त्यांच्या ग्रामसभेने ते कितीतरी आधी केलं, आणि त्यात ऊसही नको म्हटला, हे आम्हा ऊसवाल्यांना जरा लागतंच.

तरीही मी या ध्येयांच्या बाजूने लिहितो आहे, आणि कारण त्या चौकोनांत नाही. चौकोन सोपे आहेत. 'दारिद्र्य नको', 'शुद्ध पाणी', 'चांगलं काम' याला कोण नाही म्हणणार? त्यामुळेच ते कुणालाही कुठेही चिकटवता येतात. खरा ऐवज पोटातल्या १६९ ओळींत आहे आणि त्या ओळी अहवाल छापणारे सहसा वाचत नाहीत. ८.८ ही ओळ वाचा: सगळ्या कामगारांचे हक्क राखा, कामाची जागा सुरक्षित ठेवा, स्थलांतरित कामगारांची, त्यातही स्थलांतरित स्त्रियांची आणि ज्यांच्या कामाचा भरवसा नाही अशांची. ६.२ वाचा: २०३० पर्यंत उघड्यावर शौचाला जाणं संपवा आणि त्यात बायका-मुलींच्या गरजांकडे विशेष लक्ष द्या. ८.७ मध्ये तर मुदतच दिली होती: सगळ्या प्रकारची बालमजुरी २०२५ पर्यंत बंद. ही वाक्यं लिहिणाऱ्याने शिरूर कासार किंवा पाथर्डी कधी पाहिलं नसणार. पण दिवाळीच्या आगेमागे तिथून निघणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या गाड्यांचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही.

दरवर्षी बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या पट्ट्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. हिशेब माणसात नसतो, कोयत्यात असतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा, हंगामाआधी कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती तोडीतून फेडायची. पाऊस कमी, आजारपण, गाडी मोडली, काहीही कारण झालं आणि उचल फिटली नाही, की पुढचा हंगाम आधीच बांधला गेला. दिवस खाली गेला तर खाडा धरतात आणि खाड्याचे पैसे कापतात. आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या: कोयता दोघांचा आहे, म्हणून बाई आजारी पडली तर खाडा दोघांचा. पाळीचे चार दिवस असोत, सातवा महिना असो, ताप असो.

या हिशेबाचं टोक २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जात आहेत, अशा बातम्या आल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली ८२,३०९ ऊसतोड महिलांची. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे खाडाच होता असं मी म्हणत नाही. डॉक्टरांचा लोभ आहे, अज्ञान आहे, पांढऱ्या पाण्याच्या साध्या तक्रारीला कर्करोगाची भीती घालणं आहे. पण ती तक्रार मुळात का होते? चार-पाच महिने उसाच्या फडात राहायचं, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, दुखलं तर बसायला सवड नाही. एकदाची पिशवी काढली की कटकट मिटली, असा हिशेब एखादी बाई स्वतःच्या शरीराबाबत मांडते, तेव्हा तो तिला कुणीतरी शिकवलेला असतो.

माझंही सांगतो. कॉलेजच्या सुट्टीत एकदा वडिलांनी मला तोडीवर उभं केलं होतं. जानेवारी होता. पहाटे चारला मी स्वेटर, मफलर घालून फडावर गेलो तर निम्मी सरी उठलेली. बायका मोळ्या बांधत होत्या, वाढ्याच्या पेंढ्या बाजूला रचत होत्या. ट्रॉलीला फळी लावलेली आणि त्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन एकेक जण वर चढत होतं. एक माझ्याच वयाची असेल, तिचं लहानगं पोर उसाच्या पाचटावर गोधडीत निजलेलं. तिने मला विचारलं, "दादा, मोटर कवा लागंल? चार दिसाचं धुणं राह्यलंय, आन् अंगूळ बी." मी म्हणालो, रात्री लागेल, विजेची पाळी रात्रीची आहे. ती बरं म्हणाली.

त्या रात्री मोटर लागली, पाणी पलीकडच्या लागणीला गेलं. सकाळपर्यंत सऱ्या तुडुंब भरल्या. मला ती बाई आठवली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवताना, आणि तेव्हा टोळी पुढच्या शेतात गेली होती. तोड वेळेवर मिळावी म्हणून आम्ही त्या टोळीला खुशाली दिली होती, ड्रायव्हरला एन्ट्रीचे वरचे पैसे दिले होते, मुकादमाला चहा-नाश्ता दिला होता. पाणी द्यायचं तेवढं राहिलं. सहाव्या ध्येयाचा निळा चौकोन अहवालात बघितला की मला आमची भरलेली सरी दिसते.

कारखान्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. कारखाना म्हणतो, हे मजूर आमचे नाहीतच. आमचा करार वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी. कागदोपत्री हे खरं आहे. शिवाय मुकादम उचल घेऊन पळतात, एकाच कोयत्याचे पैसे दोन कारखान्यांकडून उचलतात, आणि ट्रॅक्टरवाल्या पोराची जमीन त्यात जाते. अशी घरं मी माझ्या गावात पाहिली आहेत. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढचे कित्येक हंगाम तिथेच राहिला, तर उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, मात्र चढत चढत २०२५-२६ ला टनाला ३५५० रुपयांवर गेली. कारखाना चालवणं सोपं नाही. मान्य.

पण मग प्रश्न उरतो: साखर विकताना ती 'आपली' असते, वीज विकताना ती 'आपली' असते, इथेनॉलचा चौकोन 'आपला' असतो, तोडणारी बाईच तेवढी वाहतूकदाराच्या मुकादमाची कशी? जमेची बाजू गेटच्या आत धरायची आणि खर्चाची गेटच्या बाहेर, ही युक्ती एकट्या साखरेची नाही. टी-शर्ट, चहा, विटा, मोबाइल, सगळीकडे ती चालते. तिला शिष्ट भाषेत 'पुरवठा साखळी' म्हणतात. शाश्वत विकासाची ध्येयं उद्योगांना नेमकी इथे अडचणीची ठरायला हवी होती.

तशी ती ठरू नयेत म्हणून किती काळजी घेतली जाते, याचा एक नमुना बघा. १२.६ हे लक्ष्य सांगतं की मोठ्या कंपन्यांनी शाश्वततेची माहिती आपल्या अहवालात द्यावी. आपल्या सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, याबाबतीत पाऊल चांगलं टाकलं. बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा झाला. पुढे असंही ठरलं की सगळ्यात मोठ्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी. मग उद्योगांनी कुरकुर केली. पुरवठादार म्हणजे कोण? तर एकूण खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तोच. मग मुदत एक वर्षाने पुढे गेली, आणि मार्च २०२५ मध्ये ती माहिती ऐच्छिक झाली. मोठ्या शीतपेय किंवा बिस्किट कंपनीच्या खरेदीत एखाद्या साखर कारखान्याचा वाटा २ टक्के भरेलही. मुकादमाचा कधीच भरणार नाही. कोयत्याचा तर प्रश्नच नाही. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये कंपन्यांना साखळीच्या टोकापर्यंत जबाबदार धरणारा कायदा केला आणि वर्ष उलटायच्या आत तो सैल करायला घेतला. चाळणीची भोकं अशी पाडायची की मोठे दगड वर राहावेत आणि माणसं खाली गळावीत.

तरी या कागदांनी काही होत नाही, असं म्हणायला मी तयार नाही. मार्च २०२४ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने महाराष्ट्राच्या उसाच्या फडातली बालमजुरी, उचल आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांचा माग थेट दोन जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांच्या साखर खरेदीपर्यंत लावला. बीडच्या कार्यकर्त्या, गावोगावच्या आशाताई, मराठी पत्रकार हे सगळं आधीपासूनच ओरडून सांगत होते. त्यांचं ऐकलं गेलं नाही आणि या परदेशी वृत्तपत्राचं गेलं, याचा राग येतो. पण फरक कशाने पडला? त्या कंपन्यांनी स्वतःच्या अहवालांत मानवी हक्कांची, बालमजुरीमुक्त साखळीची वचनं आधीच छापून ठेवली होती. छापलेलं वचन हे जनावराच्या गळ्यातल्या दाव्यासारखं असतं: शोभेला बांधलं तरी कुणीतरी धरून ओढू शकतं.

आता पाणी. इथे ही ध्येयं एकमेकांशी भांडतात, आणि तेच त्यांतलं मला सगळ्यात खरं वाटतं. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने मागेच लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी उसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा ७० टक्क्यांच्या जवळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. त्याच मराठवाड्यात त्या हंगामातही ऊस गाळला गेला होता. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. सक्तीचं काय झालं ते कालव्याकाठच्या कुठल्याही गावात चक्कर मारली की कळतं.

आणि आता इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं आणि गाठलंही. तेलाची आयात घटते, कारखान्याला रोख पैसा मिळतो, शेतकऱ्याचं बिल वेळेवर निघतं. सात, रोजगार आणि वाढीचा आठ, तेरा, तिन्ही चौकोनांवर बरोबरची खूण. सहाव्यावर? २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल असं दिसलं, तेव्हा डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला रातोरात चाप लावला आणि नवे प्रकल्प टाकून बसलेल्या कारखान्यांची धांदल उडाली. पाण्याचा रकाना मांडायचा टाळला की तो असा आभाळातून मांडला जातो. कारखान्याने अहवालात एक टन उसामागे किती पाणी शेतात गेलं हे छापलं असतं, तर सभासदांना निदान कळलं असतं की आपण कशावर पैज लावतो आहोत. पण सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा फोटो छापणं सोपं. तिथे कारंजं असतं.

सामान्य माणसाने काय करायचं, हा प्रश्न आला की ठरलेली यादी येते. कापडी पिशवी, नळ बंद, एलईडी दिवा, ताटात टाकू नका. करा की, वाईट काय आहे. आमच्या घरी आई हे सगळं करायची, फक्त त्याला नाव नव्हतं, काटकसर म्हणायची. पण या यादीची मला चीड येते ती यासाठी की ती माणसाला ग्राहकाच्या खुर्चीत बसवते आणि तिथून उठू देत नाही. साखर कमी खाऊन मी त्या बाईचा खाडा कमी करू शकत नाही. मधुमेह टाळेन फार तर.

महाराष्ट्रातल्या माणसाला यापेक्षा मोठी खुर्ची आधीच मिळालेली आहे. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचं चाक फिरवलं, तेव्हा जे उभं राहिलं ते जगाच्या मानाने विलक्षण होतं: कच्चा माल पिकवणारा हाच कारखान्याचा मालक, आणि शंभर एकरवाला असो की दीड एकरवाला, प्रत्येकाला एकच मत. 'उद्योगांसाठी ध्येयं' आणि 'व्यक्तींसाठी ध्येयं' अशी दोन वेगळी प्रकरणं पाडणाऱ्या पुस्तकांना हा माणूस माहीतच नाही. सभासद हा एकाच वेळी उद्योगही असतो आणि व्यक्तीही. माझ्या नावावरचा तो एक शेअर म्हणजे ८.८ चा सातबारा आहे. पुण्या-मुंबईत ज्यांची शेती सुटली, त्यांचीही सुटका नाही. दर महिन्याला म्युच्युअल फंडाची एसआयपी कापली जाते ती कुठल्या ना कुठल्या नोंदणीकृत कंपनीत जाते, आणि तिचा शाश्वतता अहवाल संकेतस्थळावर फुकट पडलेला असतो. वाचायला अर्धा तास लागतो. मी दोन वाचले. कंत्राटी कामगारांच्या रकान्यात दोन्हीकडे गेटच्या आतलीच माणसं होती.

गावाकडच्यांना तर आणखी एक दार उघडं आहे. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने ही सतरा ध्येयं ग्रामपंचायतींसाठी नऊ संकल्पनांत बसवली आहेत: गरिबीमुक्त गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, महिलास्नेही गाव वगैरे. ग्रामपंचायतीने त्यातून संकल्प निवडायचा आणि विकास आराखडा त्याप्रमाणे करायचा. बहुतेक गावांत ग्रामसेवक जे ऑनलाइन भरायला सोपं ते निवडतो. पण ज्या गावातून निम्मी घरं दिवाळीत कुलूप लावून जातात, त्या गावाच्या ग्रामसभेने 'बालस्नेही' निवडलं तर पहिलं काम आपोआप समोर येतं: मागे राहणाऱ्या पोरांची आणि सोबत जाणाऱ्या पोरांची यादी. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्यासाठी ग्रामसेवकाने नोंदणी करायची असा सरकारचा आदेशही आहे. यादी झाली की पोरांना संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत घालण्याबद्दल भांडता येतं. ज्याचं नाव कुठे नाही, त्याच्यासाठी भांडता येत नाही.

पैशाचं काय, असं कुणी विचारेलच. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. एक टन उसातून ढोबळमानाने १०० किलो साखर निघते. म्हणजे कारखान्याचा वाटा किलोमागे १० पैसे. हा पैसा मजुरांच्या तळावरच्या संडासापर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत, आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचत नसेल, तर तो वाढवून चौपट करा. चाळीस पैसे. चहाच्या कपात ते जाणवणार नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, त्याने कुठला कारखाना बुडाल्याचं मी ऐकलं नाही. तोडणी यंत्रांना सरकारने ३५ लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. यंत्राला ठेवलं त्यातलं थोडं माणसाला मिळायला हरकत नसावी. यंत्रं येणारच आहेत, येऊ देत. पण यंत्र आलं की कोयत्याचा प्रश्न सुटला असं म्हणणारे, यंत्र आल्यावर तो कोयता कुठे गेला ते कधी सांगत नाहीत.

गेल्या वर्षी मी कारखान्याच्या वार्षिक सभेला गेलो. मांडव, पंखे, सभासदांना साखर वाटपाची कुपनं. विषयपत्रिकेवरचे विषय वाचले जात होते आणि पुढच्या चार रांगा प्रत्येक विषयाला "मंजूर, मंजूर" म्हणत होत्या. 'ऐनवेळच्या विषयां'त मी हात वर केला. माइक मिळाला, हेही सांगायला हवं. आमच्याकडे तेवढी रीत अजून आहे. मी विचारलं, तोडणी-वाहतुकीच्या तक्त्यात माणसांचा रकाना घालता येईल का? बायका किती, पोरं किती, तळावर संडास किती, हंगामात दवाखान्यात किती जणी गेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी बिलाचं बोला." हशा पिकला. व्यासपीठावरून उत्तर आलं की सूचना चांगली आहे, लेखी द्या.

सोमवारी मी लेखी दिली. एक पान, खाली ८.८ आणि ६.२ चा मजकूर मराठीत. आवक-जावकच्या टेबलावरच्या क्लार्कने ते शांतपणे पूर्ण वाचलं, शिक्का मारला, आणि पेन हवेत धरून थांबला.

"साहेब, हे कुठल्या खात्याला टाकू? कामगार खात्याला टाकलं तर ते म्हणतील हे आमचे कामगार नाहीत."

"मग?"

"तोडणी शेती खात्याकडं असते." त्याने कोपऱ्यात पेन्सिलीने 'शेती' असं लिहिलं, जरा विचार केला, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.